किल्ली कुणाच्या हाती?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी वाहतुकीच्या कायद्याचा विषय काहींना अनपेक्षित वाटेल. अशा वेळी शाळेच्या वाटचालीची, संस्थापकांच्या कष्टांची, छत्तीसगढच्या भूमीत मराठी टिकवून धरणाऱ्या पिढ्यांची उजळणी व्हावी, हे उचितच आहे आणि ती इतर वक्त्यांकडून होणारही आहे. या विषयाच्या निवडीचे कारण मात्र कोणत्याही शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांवर दिसते. शाळेच्या आवारात दुचाकी आणण्यास विद्यार्थ्यांना मनाई असते. म्हणून ती समोरच्या गल्लीत, एखाद्या ओळखीच्या दुकानापाशी उभी राहते. शाळा सुटली की दप्तर पायाशी, मैत्रीण मागच्या आसनावर आणि गाडी कोचिंगच्या दिशेने निघते. शाळेचा नियम पाळला जातो, देशाचा कायदा मोडला जातो. ही गाडी मुलाने चोरून आणलेली नसते. सकाळी घरातल्याच कुणीतरी किल्ली त्याच्या हाती ठेवलेली असते.

किल्ली देणारे पालक बेफिकीर असतात, असे समजणे अन्यायाचे होईल. तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांतून मुले पायी किंवा सायकलने शाळेत येत, तेव्हाचे रायपूर वेगळे होते. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य निर्माण झाले, शहर राजधानीचे झाले आणि चहूबाजूंनी पसरले. घर टाटीबंधच्या बाजूला, शाळा शहरात आणि कोचिंग तिसऱ्याच टोकाला, अशी अनेकांची स्थिती आहे. आई-वडील दोघेही नोकरीवर. सोडायला-आणायला कुणी नाही. मग ‘जवळच तर जायचे आहे’, ‘गल्लीगल्लीतून जातो’, ‘हळू चालवितो’ अशी वाक्ये घराघरांत तयार होतात. त्यांतील अडचण खरी असते. तथापि अडचण खरी असल्याने मुलाचे वय वाढत नाही.

वयाच्या बाबतीत एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे आणि तो सुशिक्षित घरांतही आढळतो. ‘सोळाव्या वर्षी बिनागिअरच्या गाडीचा परवाना मिळतो, ॲक्टिव्हाला गिअर नाही, तेव्हा सोळा वर्षांचे मूल ॲक्टिव्हा चालवू शकते,’ असे अनेक पालक खात्रीने सांगतात. त्यांचे हे म्हणणे हवेतून आलेले नाही, त्यामागे इतिहास आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमात वाहन चालविण्याचे किमान वय अठरा ठरविले होते आणि गिअर नसलेल्या मोटारसायकलीसाठी सोळा वर्षांची सवलत दिली होती. तो काळ लूनाचा. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली पन्नास सीसीची ती मोपेड पायडल मारून सुरू होई आणि चढावर पुन्हा पायडलचीच मदत मागे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ‘बिनागिअरची गाडी’ म्हणून बहुधा तीच असावी. परंतु १९८४ मध्ये कायनेटिक होंडा बाजारात आली होती. ती स्कूटरही बिनागिअरचीच. पण तिचे इंजिन ९८ सीसीचे, म्हणजे लूनाच्या जवळजवळ दुप्पट. कायद्याच्या शब्दांनुसार तीही सोळा वर्षांच्या मुलाला चालविता येत होती. मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे तयार होणारी ही स्कूटर तेव्हा रायपूरच्या रस्त्यांवर सर्रास दिसे.

ही विसंगती दूर करण्यासाठी १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून चौथ्या कलमातील ‘गिअर नसलेली’ हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी ‘पन्नास सीसीपेक्षा अधिक क्षमता नसलेली’ असे शब्द आले. त्यापूर्वी शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांची आठवण खोटी नाही. त्यांच्या वेळचा कायदाच तसा होता. पुढे मोपेडी मागे पडल्या. होंडाची ॲक्टिव्हा २००१ मध्ये आली ती शंभर सीसीच्या वरची, आजची तर जवळजवळ ११० सीसीची आहे. आज दुकानात मिळणाऱ्या पेट्रोलच्या कोणत्याही नेहमीच्या स्कूटरचे इंजिन पन्नास सीसीच्या आत बसत नाही. सोळा वर्षांचा नियम कायद्याच्या पुस्तकात शिल्लक आहे, पण त्याला लागू पडेल अशी गाडीच जवळजवळ उरलेली नाही. परवान्यावर ‘बिनागिअर’ हा वर्ग अजून लिहिला जातो, त्यामुळे गोंधळ टिकून आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पालकांच्या लेखी संमतीने मिळणारा परवाना त्याला ११० सीसीची स्कूटर चालविण्याचा अधिकार देत नाही. विजेच्या दुचाकींपैकी ज्यांची शक्ती २५० वॅटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, त्याच परवान्याच्या कक्षेबाहेर राहतात. विक्रेता ‘हिला काही लागत नाही’ म्हणतो, तेव्हा हे दोन आकडे कागदावर पाहून घ्यावेत.

अल्पवयीन चालकाचा प्रश्न साऱ्या देशासमोर उभा राहिला तो १९ मे २०२४ च्या पहाटे. पुण्याच्या कल्याणीनगर भागात सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या भरधाव पोर्शे मोटारीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्याला गेलेले. मुलाला काही तासांतच जामीन मिळाला आणि अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली. पुढे तो आदेश बदलला गेला. (निबंधलेखनाकडे शिक्षा म्हणून पाहिले गेले, याचे भाषाशिक्षकांना वाटलेले दुःख वेगळेच.) प्रकरण न्यायालयापुढे आहे आणि दोषाचा निर्णय तेथेच होईल. मात्र त्या घटनेने एक गोष्ट सर्वसामान्यांपर्यंत पोचविली: मुलगा गाडी चालवीत होता आणि अटक वडिलांनाही झाली. अनेकांना ते नवे वाटले. वास्तविक हा कायदा पाच वर्षे आधीच झालेला होता.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १९९-अ आले आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ते लागू झाले. अल्पवयीन व्यक्तीने या कायद्याखालील कोणताही गुन्हा केला, तर तिचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. वाहन पालकाच्या संमतीनेच वापरले गेले, असे न्यायालय गृहीत धरते. संमती नव्हती किंवा ते टाळण्यासाठी सर्व दक्षता घेतली होती, हे पालकाने सिद्ध करावयाचे. सिद्ध न झाल्यास तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानासुद्धा नाही. मुलाजवळ योग्य परवाना असेल आणि तो त्या परवान्यात बसणारे वाहनच चालवीत असेल, तर पालकावर ही जबाबदारी येत नाही.

येथे अपघात व्हावाच लागतो, असे नाही. विनापरवाना वाहन चालविणे हाच गुन्हा आहे. त्याखेरीज परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती वाहन सोपविणाऱ्या मालकासाठी कलम १८० आहेच. त्यात तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. काही दंडांची तडजोडीची रक्कम राज्ये ठरवीत असल्याने चौकात भरावी लागणारी रक्कम कमी असू शकते. त्यावरून गुन्हाच लहान आहे, असा समज होतो, तो चुकीचा आहे.

विम्याचा भाग तर घरात फारसा बोललाच जात नाही. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे आणि तो बहुतेक घरांत काढलेलाही असतो. परंतु चालकाजवळ वैध परवाना असणे ही त्या विम्याची अट असते. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून कुणी जखमी झाले वा दगावले, तर अट मोडली म्हणून कंपनी हात वर करू शकते. पीडिताला आधी पैसे देण्याचा आदेश न्यायालयाने कंपनीला दिला, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळते. मृत्यूच्या प्रकरणातील भरपाई लाखांत जाते. मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची बचत, प्रसंगी राहते घर, या एका वाक्यात येते. आणि ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याचे दुःख तर कोणत्याच रकमेत येत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर काय करावे, हे मुलांना सांगण्याची वेळ त्यांच्या वाढदिवसाला येते; त्या दिवशी घरात बहुधा गाडीच येते, अर्ज येत नाही. क्रम उलटा असावा. शिकाऊ परवान्याचा अर्ज परिवहन मंत्रालयाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर भरता येतो. वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि प्रकृतीविषयीचे स्वयंघोषणापत्र लागते. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्रही द्यावे लागते. अर्जात मरणोत्तर अवयवदानाच्या संमतीविषयीही विचारणा असते. अठरा वर्षांच्या मुलाने तिथे घाईघाईने खूण करण्यापूर्वी आई-वडिलांशी दोन शब्द बोलावेत, एवढा तो प्रश्न गंभीर आहे. त्यानंतर चिन्हे आणि नियम यांवरील परीक्षा होते. निदान साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. घरबसल्या होणाऱ्या या परीक्षेत उत्तरे शेजारी बसलेला दादा किंवा दलाल सांगतो, हे उघड गुपित आहे. शालेय परीक्षेत नक्कल करताना पकडलेल्या मुलाबद्दल हळहळणारे पालक या नक्कलेला मात्र ‘काम झाले’ म्हणतात.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी तो मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्यावरच देता येते. या तीस दिवसांकडे कार्यालयीन विलंब म्हणून पाहिले जाते. वस्तुतः कायद्याने शिकण्यासाठी राखून ठेवलेला तो एकमेव काळ आहे. या काळात वाहनाच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ अक्षर हवे, चारचाकीत शेजारी परवानाधारक शिकविणारा हवा आणि दुचाकीवर शिकविणाऱ्याखेरीज मागे कुणी बसता कामा नये. मैत्रिणीला मागे बसवून कोचिंगला नेणारी मुलगी शिकाऊ परवाना असूनही नियम मोडतच असते. चाचणीत दुचाकीवर पाय न टेकता आठचा आकडा काढावा लागतो, चारचाकी मागे घेऊन दाखवावी लागते. तीस दिवस खरोखर सराव केलेल्यास ते अवघड नाही. छत्तीसगढात पक्का परवाना आणि वाहनाची नोंदणीपत्रिका टपालाने घरी येते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेचे ‘तुंहर सरकार तुंहर द्वार’ हे छत्तीसगढी नाव ‘तुमचे सरकार तुमच्या दारी’ असा अर्थ सांगते. दलालाच्या मार्फत जाण्याचे एक कारण त्यामुळे निश्चित कमी झाले आहे.

नियमांची संपूर्ण यादी येथे वाचून दाखविण्याचे प्रयोजन नाही. ज्यांवर जीव अवलंबून असतो, असे थोडेच आहेत. वेगाचे गणित सहावीच्या मुलालाही करता येते: ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरांहून थोडे अधिक. समोर आलेले मूल पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी दोन वर्गखोल्या ओलांडून गेलेली असते. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने महापालिका हद्दीत मोटारीसाठी ७० आणि दुचाकीसाठी ६० ही कमाल मर्यादा सांगितली आहे. स्थानिक फलकावर त्याहून कमी आकडा असेल, तर तोच पाळावयाचा. शाळेजवळची गल्ली आणि जी. ई. रोड यांचा वेग एक असू शकत नाही, हे सांगण्यास कायद्याची गरज पडू नये. गोलाकार चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला वाट द्यावी, हा नियम रायपूरच्या चौकांत जवळजवळ अज्ञात आहे. जो आधी घुसेल त्याचा चौक, असा रिवाज पडला आहे. रुग्णवाहिकेला वाट न देण्यास दहा हजार रुपये दंड आहे. दारूच्या बाबतीत शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही मर्यादा आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. लग्नसमारंभाहून रात्री परतणाऱ्या काका-मामांनी याची आठवण ठेवावी.

हेल्मेटबद्दल मात्र थोडे थांबावे लागेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावरील अपघातांत मरण पावली. त्यांत दुचाकीवरील माणसांचा वाटा ४४.५ टक्के, आणि अठरा वर्षांखालील मुले नऊ हजारांहून अधिक. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेले म्हणजे बहुतेक घरांत पत्नी, आई, मूल. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे साडीचा पदर सावरीत बसलेली आई उघड्या डोक्याची, समोर उभे केलेले मूलही तसेच, हे दृश्य रोज दिसते. चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट सक्तीचे आहे. शीख धर्मीयांच्या पगडीस तेवढी सूट. नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकालाही हेल्मेट हवे, चार वर्षांखालील बालकाला चालकाशी जोडून ठेवणारा पट्टा हवा आणि अशा वेळी वेग ताशी ४० च्या आत हवा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. कोपरात अडकविलेले हेल्मेट कोपराचे रक्षण करते. चौकातील कॅमेऱ्यासमोर डोक्यावर आणि चौक ओलांडताच आरशावर, ही कसरत मुले मोठ्यांकडूनच शिकतात.

अपघात पाहून लोक पुढे होत नाहीत, कारण पोलिसांचा ससेमिरा लागेल अशी भीती असते. ती भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ मध्ये कलम १३४-अ ने त्यास कायद्याचे रूप दिले. जखमीला रुग्णालयात पोचविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ किंवा ११२ वर फोन करावा. मे २०२५ पासून अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्रीय योजनाही लागू आहे. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत रुग्णाला तिष्ठत ठेवण्याचे कारण उरू नये.

नोकरी-व्यवसायानिमित्त नागपूर, पुणे, मुंबई येथे गेलेल्या आणि तेथून परतलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी थोडे वेगळे. परवाना कोणत्याही राज्यात काढलेला असो, तो संपूर्ण भारतात चालतो. रायपूरचा परवाना घेऊन नागपुरात गाडी चालविण्यास वेगळ्या कागदाची गरज नाही. वाहनाचे तसे नाही. ‘एमएच’ क्रमांकाची गाडी छत्तीसगढात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. येथे कर भरल्यावर तिकडच्या उरलेल्या काळाचा कर परत मागता येतो. अर्ज करण्याचा कंटाळा केल्याने तो हक्क अनेकजण सोडून देतात. सतत बदल्या होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक घेता येतो.

ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी आज घरी गेल्यावर आपापला परवाना काढून त्यावरील तारीख पाहावी. २०१९ नंतरच्या नियमांनुसार तिशीच्या आत काढलेला खासगी वाहनाचा परवाना चाळिशीपर्यंत चालतो. तीस ते पन्नासमध्ये काढलेला दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलेला साठीपर्यंत आणि पंचावन्ननंतरचा पाच-पाच वर्षे. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत होती, ती आता नाही. दुसऱ्याच दिवसापासून चालक विनापरवाना ठरतो आणि विम्याचा वर सांगितलेला प्रश्न त्यालाही तसाच लागू पडतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून करता येतो. मुदत उलटून वर्ष झाले असेल, तर साठीच्या आजोबांनाही नातवासोबत रांगेत उभे राहून आठचा आकडा पुन्हा काढून दाखवावा लागेल.